आठे हात

कीर्तनाचा निरोप आला दुपारी सव्वातीनला.
धुळ्यात चव्वेचाळीस, कूलरच्या टाकीत पाणी बोटभर,
इन्व्हर्टर कुंथत होता.
"मॅडम, ही ओळ कुठल्या भाषेतली?
मशीन म्हणतंय, आठ हात लावू नका."

हसले. मग चष्मा पुसला.
बिलिंगच्या जुन्या कोडमध्ये, ओळ चारशे बारा,
इंग्रजी अक्षरांत माझी अहिराणी:
आठे हात नको लावजो, भो.
काबर माहीत नही, पन चालस.
आणि खाली एकच आज्ञा:
तीन सेकंद थांब.

शेजारी तारीख. शेजारी नाव, आडनाव लग्नाआधीचं.
तेवीस वर्षांची होते. हिंजवडीत, रात्री दोनला,
एसी इतका की ओढणी कानांवरून बांधलेली.

"माहीत नही" हे खोटं होतं.
पलीकडचा सर्व्हर म्हातारा होता,
श्वास घ्यायला त्याला तेवढा वेळ लागायचा,
नाही दिला तर एकाच गिऱ्हाइकाला दोन बिलं.
पण तसं लिहायचं तर इंग्रजीत लिहावं लागणार
आणि माझं इंग्रजी तेव्हा
कँटीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं जायचं.

खाली भिला मिस्तरीचं वायंडिंगचं दुकान आहे.
जळालेल्या प्रत्येक मोटारीला तो पुठ्ठा बांधतो:
कोणाची, किती वेढे, तार किती गेजची,
आणि शेवटी, का जळनी.
सातवी नापास माणूस. तीस वर्षांचे पुठ्ठे खिळ्याला.
मी डिस्टिंक्शनवाली.

मशीनला कारण विचारलं. त्यानं लगेच तीन दिली,
तिन्ही सुबक, तिन्ही चुकीची.
मग जुने मेल उपसले, गावंडेंना फोन लावला.
ते आता निवृत्त, अकोल्याला.
"तो सर्व्हर? अगं, भंगारात गेला, नऊ वर्षं झाली.
काट्यावर चढवला तेव्हा मी तिथंच होतो."

नऊ वर्षं.
दिवसाला चाळीस हजार बिलं, प्रत्येकी तीन सेकंद,
म्हणजे चोवीस तासांच्या एका दिवसात
तेहतीस तास आणि वर वीस मिनिटं
नसलेल्या माणसासाठी दार धरून उभं राहणं.

थांबते तर मीही.
कॉलवर कोणी नाव घेतलं की
आधी अहिराणीत सुचतं, मराठीत कपडे बदलतं,
इंग्रजीत भांग पाडून बाहेर येतं.
तीन सेकंद. कधी साडेतीन.
पहिल्या अप्रेझलला त्याला "आत्मविश्वास कमी" म्हटलं होतं,
सहाव्याला "विचारपूर्वक बोलते".
मी तीच. खुर्ची तेवढी सरकली होती.

ओळ खोडली. टेस्ट लावल्या.
हिरवी, हिरवी, एक लाल
(ती कीर्तनाचीच निघाली; सांगितलं, आवाज न चढवता),
मग हिरवी.
बदलाखाली सात ओळी लिहिल्या, साध्या, थोड्या ओबडधोबड:
सर्व्हरचं नाव, भंगाराचं साल, कोणी सांगितलं,
आणि हेही, की हे आधी लिहायला हवं होतं.
मजकूर मशीनकडून घासून घेतला नाही.

सहाला लाइट आली.
खाली मिस्तरीनं एक मोटार लावून पाहिली,
आवाज एकसारखा. त्यानं पुठ्ठा सोडला,
फेकला नाही, खिळ्याला लावला.

कीर्तनाचा पुन्हा निरोप:
"आठ नाही, तर मग काय? आणि भो म्हणजे?"

आठे म्हणजे इथे, हे लगेच लिहिलं.
भो ला बोट अडलं.
भाऊ म्हणावं तर तसं कोणी डोळ्यांसमोर नव्हतं,
गडी म्हणावं, तर त्या रात्री
चौथ्या मजल्यावर मी एकटीच होते.

तिकडे कोइमतूरला तिला दिसत असणार,
पडद्यावर टिंबं हलतायत,
मॅडम लिहितायत.